पोटाच्या तक्रारीचे कारण कसे शोधावे

छातीत जळजळ, पोट गच्च होणे, शौचास साफ न होणे, जेवण झाले की लगेच संडासला पळावे लागणे, या तक्रारी घरोघरी असतात आणि त्यांवरचा उपायही ठरलेला असतो: औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणायची किंवा रात्री झोपताना चमचाभर चूर्ण घ्यायचे. त्याने बरे वाटते, चार दिवसांनी तक्रार परत येते, आणि काही वर्षांत ती गोळी किंवा ते चूर्ण रोजच्या जेवणाइतकेच नियमाचे होऊन बसते. आपल्या पोटाला नेमके काय सोसत नाही, हा शोध मात्र राहूनच जातो. पचनाच्या नेहमीच्या तक्रारींची कारणे पुष्कळदा साधी असतात आणि ती ज्याचे पोट दुखते त्यालाच सर्वांत आधी सापडू शकतात. त्यासाठी थोडी शिस्त आणि काही आठवड्यांचा धीर लागतो. हा शोध कसा घ्यावा, कोणती कारणे आधी तपासावीत आणि कोणत्या वेळी शोध बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी धोक्याच्या खुणा

काही लक्षणे दिसली तर घरी कारण शोधत बसू नये. शौचातून रक्त पडणे, शौच डांबरासारखे काळे व चिकट होणे, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी होणे, घास गिळताना अडकणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, उलट्या न थांबणे, डोळे पिवळे दिसणे, पोटदुखीबरोबर ताप येणे, दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणे, या खुणा असतील तर डॉक्टरांकडेच जावे. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन विनाकारण कमी आढळले, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली, तरीही तपासणी लांबवू नये. स्त्रियांमध्ये पोट सतत फुगलेले राहणे आणि थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे हे अनेक आठवडे टिकले, तर केवळ पचनाच्या औषधांवर वेळ न घालवता स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अंडाशयाचीही तपासणी करून घ्यावी.

एका गोष्टीवर मला विशेष भर द्यावासा वाटतो. छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब येणे, घाम फुटणे, धाप लागणे, दुखणे डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे सरकणे, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत तर छातीत स्पष्ट कळ न येता केवळ मळमळ, अस्वस्थता आणि थकवा एवढेच जाणवू शकते. अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन आडवे होणे जिवावर बेतू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढून घ्यावा. हृदयविकार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की पोटाचा विचार नंतर करता येतो.

पंधरा दिवसांची वही

धोक्याची खूण नसेल तर शोधाची सुरुवात वहीपासून करावी. आपण काय खाल्ले हे आपल्याला आठवते असा प्रत्येकाचा समज असतो, परंतु परवा संध्याकाळी चहाबरोबर काय घेतले होते हे सांगता येत नाही, आणि कारण बहुधा अशा न आठवणाऱ्या गोष्टींतच असते. म्हणून पंधरा दिवस रोज पुढील गोष्टी लिहाव्यात: किती वाजता काय आणि साधारण किती खाल्ले, चहा-कॉफी किती वेळा झाली, तंबाखू, मिश्री, सुपारी किंवा मद्य घेतले का, कोणती औषधे घेतली, किती वाजता झोपलो, शौचास कधी आणि कसे झाले, आणि तक्रार किती वाजता सुरू होऊन किती वेळ टिकली. स्त्रियांनी पाळीच्या तारखाही नोंदवाव्यात, कारण पाळीच्या आसपास आतड्यांची हालचाल बदलते. या पंधरा दिवसांत आहारात मुद्दाम काही बदलू नये. नेहमीचे आयुष्य जसे आहे तसे कागदावर उतरले पाहिजे.

वही वाचताना पदार्थाच्या आधी वेळ पाहावी. जेवणानंतर तासाभरात आणि आडवे झाल्यावर वाढणारी जळजळ अन्ननलिकेकडे बोट दाखवते. जेवणानंतर अर्ध्या तासापासून काही तासांच्या आत पोट फुगून गुडगुडत असेल, तर न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबत असण्याची शक्यता असते. तेलकट किंवा तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊन ती उजव्या खांद्याकडे किंवा पाठीकडे जात असेल, तर पित्ताशयातील खड्यांचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी सोनोग्राफी करून घ्यावी. तक्रार कामाच्या दिवशी येते आणि सुटीच्या दिवशी येत नाही, असे दिसले तर जेवणाच्या वेळा, घाई आणि मनावरचा ताण यांकडे पाहावे.

औषधांची यादी

वही पूर्ण होण्याची वाट न पाहता तपासता येईल असे पहिले कारण म्हणजे आपण आधीच घेत असलेली औषधे. गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा डोकेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या आतील संरक्षक थर कमकुवत करतात आणि त्यातून व्रण होऊ शकतो. गोळी जेवणानंतर घेतली तरी हा धोका संपत नाही, कारण तिचा परिणाम रक्तातून होतो. मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनमुळे अनेकांना सुरुवातीला मळमळ, जुलाब आणि पोटफुगी होते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, रक्तदाबावरच्या काही गोळ्या आणि मनोविकारांवरची काही औषधे मलावरोध करतात. अँटिबायोटिकमुळे आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मरतात आणि जुलाब होऊ शकतात. डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच झोपल्यास ती अन्ननलिकेतच अडकून तिथे जखम करू शकते. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास बसून राहावे.

अशा औषधावर संशय आला तरी ते स्वतःहून बंद करू नये. हृदयासाठी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन पोटात जळजळते म्हणून परस्पर सोडून देणे फार धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा, वेळ किंवा औषधाचा प्रकार बदलता येतो. मेटफॉर्मिनची सावकाश विरघळणारी गोळी मिळते आणि ती अनेकांना सोसते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, पण आधी सांगितलेले डांबरासारखे चिकट, दुर्गंधीयुक्त शौच वेगळे असते. शंका असेल तर तपासून घ्यावे.

जळजळ आणि आंबट ढेकर

अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तिथे स्नायूंची एक कडी असते. ती सैल पडली की जठरातील आम्ल वर येते आणि छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते, कधी नुसता कोरडा खोकला राहतो. या कडीवर ताण आणणारी कारणे आपल्या दिनक्रमात भरपूर आहेत. शहरांत कामावरून परतायला रात्रीचे नऊ वाजतात, जेवण दहाला होते, दिवसभरातले ते सर्वांत मोठे जेवण असते आणि साडेदहाला माणूस अंथरुणावर असतो. भरलेले जठर आणि आडवे शरीर एकत्र आले की आम्लाला वर येण्यास अडथळा राहत नाही. पोटाचा वाढलेला घेर, घट्ट पट्टा, गरोदरपण, तंबाखू आणि मद्य यांमुळेही हेच घडते. सकाळी मिश्री लावण्याची सवय ही तंबाखूचीच सवय आहे, हे येथे स्पष्ट सांगायला हवे; मिश्री लावणारी व्यक्ती ‘मी तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगते आणि डॉक्टरांच्या नोंदीतून कारण निसटते.

कारण हेच आहे का, हे तपासण्यासाठी दोन आठवडे एकच बदल करावा: रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आधी आणि नेहमीपेक्षा हलके घ्यावे. कामाच्या वेळेमुळे ते शक्य नसेल तर संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास कामावरच पोळीभाजीचा डबा खावा आणि घरी आल्यावर वाटीभर आमटी-भात किंवा मुगाची खिचडी एवढेच घ्यावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. उशा वाढवून हा परिणाम साधत नाही, कारण त्याने शरीर पोटात दुमडते आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यानेही आम्ल वर येणे कमी होते. एवढ्याने रात्रीची जळजळ निम्म्यावर आली तर कारण हाती लागले असे समजावे. तिखट, चहा, कॉफी, टोमॅटो, तळलेले पदार्थ हे प्रत्येकाला सारखे बाधत नाहीत. ज्याच्या वहीत मिसळ आणि जळजळ एकत्र येतात त्याने मिसळ सोडावी. घरातल्या सगळ्यांनी फिके खाण्याचे कारण नाही.

जळजळीपेक्षा पोटाच्या वरच्या भागातील दुखणे ठळक असेल आणि ते महिनोन्महिने टिकत असेल, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा विचार करावा लागतो. जठरातील व्रणामागे प्रामुख्याने हा जिवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले. लोकांना पटावे म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणवून घेतली होती, आणि २००५ साली दोघांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधापूर्वी व्रणाचा दोष मुख्यतः चिंता आणि तिखट यांच्यावर टाकला जात असे. तपासणी श्वासाची, शौचाची किंवा एंडोस्कोपीच्या वेळी घेतलेल्या तुकड्याची असते. आम्ल कमी करणारी पँटोप्रेझोल, ओमेप्रेझोल यांसारखी गोळी चालू असेल तर ही तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी थांबवावी लागते. जिवाणू आढळला तर एकाहून अधिक अँटिबायोटिकांचा साधारण चौदा दिवसांचा उपचार असतो. तो मध्येच सोडू नये.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांविषयी आणखी थोडे. त्या चांगल्या आहेत आणि गरज असेल तिथे त्यांना पर्याय नाही, परंतु त्या सकाळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात, आणि जेवणानंतर जळजळ झाली म्हणून घेतल्यास त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास जीवनसत्त्व बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ आधीच कमी असते, म्हणून त्यांनी ही तपासणी अवश्य करावी. बराच काळ घेतलेली गोळी एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल नेहमीपेक्षा जास्त तयार होते आणि आजार परत आल्यासारखे वाटते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवली की हा टप्पा पार पडतो. पाण्यात टाकून प्यायच्या फेसाळणाऱ्या चूर्णात सोडियम भरपूर असते, म्हणून रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्याची सवय लावू नये.

पोट फुगणे आणि वायू

या तक्रारीत घरचा शोध सर्वांत उपयोगी पडतो, कारण येथे कारण बहुधा ताटातच असते. लहान आतड्यात न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचली की तिथले जिवाणू तिच्यावर जगतात आणि वायू तयार करतात. ही क्रिया नैसर्गिक आहे. तक्रार तेव्हा होते, जेव्हा न पचलेला भाग फार असतो किंवा आतडे फार संवेदनशील असते.

पहिला संशयित दूध. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लहानपणी भरपूर असते आणि पुढे अनेकांत कमी होत जाते. हा आजार नव्हे, जगातील बहुसंख्य प्रौढांची ती स्थिती आहे. तपासण्यासाठी दोन आठवडे दूध, खीर, बासुंदी, पेढे, आइस्क्रीम आणि दुधाचा चहा पूर्ण बंद ठेवावा. बिस्किटांत आणि प्रोटीनच्या पावडरीतही दुधाचा अंश असतो, तेही वेष्टनावर वाचून पाहावे. तक्रार थांबली तर एका सकाळी उपाशीपोटी पेलाभर दूध प्यावे आणि पुढचे काही तास काय होते ते लिहावे. पोट फुगले, मुरडा आला, पातळ शौचास झाले, तर उत्तर मिळाले. त्यानंतरही सगळे दुग्धजन्य पदार्थ सोडण्याची गरज नसते. दह्यात आणि ताकात विरजणाचे जिवाणू बरेचसे लॅक्टोज वापरून टाकतात, पनीरमध्ये ते थोडेच उरते, तुपात जवळजवळ नसतेच, आणि चहातले घोटभर दूध बहुतेकांना चालते. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि दही यांवर भर द्यावा.

दुसरा संशयित कडधान्ये. हरभरा, वाटाणा, छोले, राजमा, वाल, चवळी यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात, आणि त्या पचवणारे विकर माणसाच्या आतड्यात नाहीच. म्हणून ‘मला हरभऱ्याने वायू होतो’ यात दुबळेपणाचे काही नाही. कडधान्ये सोडून देणे हा मात्र वाईट उपाय आहे, कारण शाकाहारी ताटातील प्रथिने आणि तंतू त्यांतूनच येतात. ती रात्रभर भिजवावीत, भिजवणीचे पाणी टाकून द्यावे, शक्य असेल तर मोड आणावेत आणि मऊ शिजवावीत. या प्रत्येक पायरीला त्या साखरा कमी होतात. सुरुवात सालीविना मुगाच्या डाळीपासून करावी, मग मोडाचे मूग, मग मटकी, आणि हरभरा-छोले शेवटी, तेही अर्ध्या वाटीने. काही आठवड्यांत आतडे सरावते. ज्यांनी वर्षानुवर्षे उसळ खाल्लेली नाही आणि आरोग्याच्या उत्साहात एकदम मोठी वाटी मोडाची कच्ची मटकी खायला घेतली, त्यांची पोटे फुगली तर दोष मटकीचा नसतो.

तिसरा गट अनपेक्षित आहे: कांदा, लसूण आणि गहू. यांत फ्रुक्टन नावाची साखर असते आणि ती संवेदनशील आतड्याला त्रास देते. गव्हाची पोळी खाल्ली की पोट फुगते आणि ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी खाल्ली की फुगत नाही, असा अनुभव अनेकांना येतो त्यामागे बहुधा हेच असते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने अशा सर्व आंबणाऱ्या साखरांचा एकत्रित विचार करून आहारपद्धती तयार केली आहे. तिच्यात हे पदार्थ काही आठवडे पूर्ण वगळून मग एकेक करून परत आणले जातात. ती आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावी. स्वतःच्या बुद्धीने करणारे वगळण्याचा भाग पार पाडतात आणि परत आणण्याचा भाग विसरतात, मग ताट कायमचे तुटपुंजे राहते. घरी तपासायचेच असेल तर सिलिॲकची (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी आधी करून घ्यावी, मग दोन आठवडे पोळीऐवजी भाकरी खावी आणि भाजीत कांदा-लसणीऐवजी हिंग, आले, जिरे वापरावे, एवढे पुरेसे आहे.

पदार्थांच्या बरोबरीने गिळलेली हवाही मोजावी. भराभर जेवणे, जेवताना बोलत राहणे, च्युइंगम चघळणे आणि पोट गच्च झाले म्हणून सोडा पिणे यांत हवा पोटात जाते. सोड्यानंतर येणारा मोठा ढेकर हा पुष्कळदा सोड्यातल्याच वायूचा असतो. साखर नसलेल्या गोळ्या व च्युइंगम यांत सॉर्बिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असेल तर त्यानेही पोट फुगते आणि ढाळ होतात.

शौचास साफ न होणे

रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, असा नियम शरीराचा नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या टप्प्यात काहीही स्वाभाविक असू शकते, जर शौच मऊ असेल आणि कुंथावे लागत नसेल. खडे होणे, जोर करावा लागणे आणि उरकल्यावरही साफ न झाल्याची भावना राहणे, याला मलावरोध म्हणावे.

तंतूंचा हिशेब करून पाहावा. प्रौढ माणसाला रोज २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. ज्वारीच्या एका भाकरीतून साधारण ५ ग्रॅम मिळतात, मोडाच्या उसळीच्या वाटीतून तेवढेच, मध्यम पेरूतून निदान ५ ग्रॅम; पांढऱ्या भाताच्या वाटीतून जेमतेम १ ग्रॅम, आणि मैद्याच्या पावातून, टोस्टमधून, खारीतून फारसे काही नाही. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव आणि रात्री वरण-भात असा दिवस असेल तर बेरीज दहाच्याही पुढे जात नाही. उपवासाचा दिवस याहून बिकट असतो, कारण साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पोट जड होण्याचे कारण बहुधा साबुदाण्याची खिचडी, बटाटा, तूप आणि दिवसभर कमी झालेले पाणी यांच्यातच असते. उपवास करायचाच तर राजगिरा, रताळे, काकडीची कोशिंबीर आणि फळे यांनी ताट भरावे. तंतू वाढवताना मात्र ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत आणि पाणीही वाढवावे. इसबगोल घेतले तर पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावे. कोरडे किंवा घोटभर पाण्यात घेतलेले इसबगोल फुगून अडकू शकते.

न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. त्याच वेळी दहा मिनिटे निवांत मिळणे हा निम्मा उपचार आहे. मुलांना शाळेच्या बसची घाई, घरात एकच संडास, कामाच्या ठिकाणी अस्वच्छ स्वच्छतागृह, यांमुळे वेग दाबला जातो, आणि दाबत राहिले की तो येणेच मंदावते. शाळेतली अस्वच्छ शौचालये हे मुलींच्या मलावरोधाचे कारण असू शकते, असे मी गांभीर्याने मानतो. पालकांनी त्याविषयी शाळेकडे बोलले पाहिजे. कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली छोटा पाट घ्यावा, म्हणजे गुडघे वर येतात आणि गुदमार्गाचा कोन सरळ होतो.

सोनामुखी असलेली चूर्णे आतड्याला डिवचून काम करतात. प्रवासानंतर एखाददा घेण्यास हरकत नाही, परंतु रोज घेऊन कारण झाकून टाकू नये. तंतू, पाणी, वेळ आणि चालणे सुधारूनही महिनाभरात फरक पडला नाही तर थायरॉइड, रक्तातील साखर आणि कॅल्शियम तपासून घ्यावे.

जुलाब आणि पाणी

अचानक सुरू झालेले जुलाब बहुधा संसर्गाचे असतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. येथे सर्वांत महत्त्वाचे काम शरीरातले पाणी आणि क्षार टिकवण्याचे असते. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत असताना, शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. अशाच क्षार-साखरेच्या मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची, पुडी घरात असावी. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. प्रमाण चुकवू नये, विशेषतः मीठ वाढवू नये. लहान मुलाला चमच्याचमच्याने पाजत राहावे, अंगावरचे दूध थांबवू नये, आणि झिंक किती दिवस द्यावे ते डॉक्टरांना विचारावे. मूल सुस्त झाले, लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

वारंवार जुलाब होत असतील तर पाण्याचा मार्ग तपासावा: नळ, टाकी, माठ, ओगराळे, हात. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली हे विचारावे आणि पावसाळ्यात पाणी खळखळून उकळू द्यावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (मज्जातंतूंना इजा होऊन हातपाय लुळे पडू शकणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांना आधी जुलाब झालेले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. दूषित पाणी आणि कच्चे राहिलेले चिकन हे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत. भगरीतूनही विषबाधा होते. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला अशा घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी वाढते, म्हणून ती बंद पाकिटातली, तारीख पाहून घ्यावी, धुऊन वापरावी आणि भगरीचे पीठ जुने झालेले वापरू नये.

संसर्ग बरा झाल्यावरही काहींचे आतडे अनेक महिने चिडलेले राहते. पोटात दुखते, शौचास गेल्यावर बरे वाटते, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो, आणि तपासण्या स्वच्छ येतात. याला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणतात. ही तक्रार खरी असते. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे आहे आणि मेंदूशी त्याचा सततचा संबंध असतो. म्हणून अपुरी झोप आणि ताण यांनी ती वाढते, आणि नियमित झोप, व्यायाम व गरज पडल्यास समुपदेशन यांनी कमी होते. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे अशा माणसाला घरातल्यांनी कधीही म्हणू नये.

डॉक्टरांकडे जाताना

चार ते सहा आठवड्यांच्या प्रयत्नानंतर तक्रार राहिली तर वही, चालू औषधांची पाकिटे आणि जुने अहवाल बरोबर न्यावेत. आयुर्वेदिक चूर्णे आणि व्यायामशाळेतल्या पावडरीही दाखवाव्यात. कोणता पदार्थ किती दिवस बंद केला, त्याने काय फरक पडला आणि परत सुरू केल्यावर काय झाले, एवढे तीन वाक्यांत सांगता आले तर अनेक अनावश्यक तपासण्या टळतात. बरेच दिवस ताप, वजन उतरणे आणि पोटदुखी एकत्र असेल तर पोटाच्या क्षयाचा विचार झाला आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. आणि गव्हाचा संशय असेल तर एक काळजी आवर्जून घ्यावी: सिलिॲक या आजाराची रक्ततपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नये, कारण गहू आधीच सोडलेल्या माणसात ही तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते, आणि मग निदानासाठी त्याला पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो.